फुकटचे पैसे म्हणे!

आज ऑफिसात डबा खाताना एक सहकारी म्हणाले, "रोजगार हमी म्हणजे आपल्या टॅक्सवर लोकांना फुकट पोसणं. खड्डे खणा, बुजवा, पैसे घ्या." बाकीचे हसले. माझा घास घशाखाली उतरेना.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळून. बाबा तान्हे, बाभळीला बांधलेल्या झोळीत. संध्याकाळी खडीचा ढीग मोजला जायचा, भरेल तेवढीच मजुरी. चिंध्या रक्ताने कडक व्हायच्या, त्याच धुऊन सकाळी पुन्हा बांधायची. यात फुकट काय होतं? पोरांना खायला वाटलेली सुकडी, तो कोरडा पौष्टिक खाऊ? तीही डोळ्यांत खुपते का आता?

१९७३च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी 'मागेल त्याला काम' हा विचार मांडला, त्यातून रोजगार हमी योजना आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. देशाला असा कायदा करायला २००५ उजाडलं. आणि आपण काय करतो, तर हसतो!

खोट्या हजेऱ्या लागल्या, मुकादमांनी पैसे खाल्ले, काही बांध पहिल्याच पावसात वाहून गेले. मान्य. पण चोरी हजेरीचं मस्टर लिहिणाऱ्याने केली, घमेलं उचलणारीने नाही.

टॅक्सचंही खरं आहे. १९७५ पासून आपल्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो याच योजनेसाठी आला. वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये. शहराने दुष्काळी गावाचा एवढा भार उचलायचा नाही, तर राज्य एक कशाला म्हणायचं?

खडीनंतर आजी आमच्या गावच्या पाझर तलावावर माती वाहायला गेली. त्या तलावामुळे खालच्या विहिरींना आजही उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी असतं. बाबांची कॉलेजची फी त्याच पाण्यावरच्या कांद्यातून भरली गेली. म्हणून मी आज त्या ऑफिसात बसते.

ते सहकारी वाईट नाहीत. अडीनडीला धावून येतात. त्यांच्याही घरातलं कुणी तेव्हा कामावर गेलं असेल, फक्त त्यांना कुणी सांगितलं नसेल. आमच्याकडेही आजी स्वतःहून कधी बोलली नाही, बोटं बघून आम्हीच विचारलं.

तुमच्या गावचा रस्ता, तलाव, बांध बहात्तरच्या कामातला असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा आणि खाली लिहा. कुठला तलाव, कोण कोण कामाला होतं, मजुरी काय मिळायची, सगळं.