‘डेटॉलमध्ये बुडवा, खोबरेल लावा’: या मेसेजमधलं काय काय चुकलंय

परळला माझं मेडिकल आहे. टाटा रुग्णालय चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे काउंटरवर येणारी निम्मी माणसं बाहेरगावची असतात. मे महिन्यातल्या एका दुपारी सोलापूरकडच्या एक मावशी आल्या, पंचावन्नच्या आसपासच्या. दुकानात दोन पुरुष गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत मावशी टूथपेस्टच्या खोक्यांवरच्या किमती वाचत उभ्या राहिल्या. मग पिशवीतून रुमालाची एक गुंडाळी काढून त्यांनी माझ्याकडे सरकवली. गाठ सोडायच्या आधीच अँटिसेप्टिकचा भपकारा आला. आत बोटभर लांबीचा, जांभळट रंगाचा मऊ डायलेटर (योनीमार्गात घालायची गुळगुळीत दांडी) होता, हाताला किंचित तेलकट लागणारा.

"मॅडम, रोज रात्री औषधात बुडवून ठेवते हो. तरी आग होते. आधी एवढी होत नव्हती."

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडिएशन घेतलं की योनीमार्ग आक्रसू शकतो, आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. तसं होऊ नये म्हणून डॉक्टर डायलेटर वापरायला देतात. मावशींना रुग्णालयातून मिळालेला कडक प्लास्टिकचा होता. तो टोचतो म्हणून भाचीने ऑनलाइन मऊ मागवून दिला आणि सोबत व्हॉट्सॲपवरचा एक मेसेजही पाठवला. तो त्यांनी मला दाखवला. मी तोच मेसेज त्याआधी तीन ग्रुपवर पाहिला होता.

मेसेज मूळचा व्हायब्रेटर आणि तत्सम सेक्स टॉयबद्दल आहे, पण शरीराचा भाग तोच आणि वस्तू ज्याच्या बनतात ते पदार्थही तेच. त्यातले सल्ले थोडक्यात असे: ‘मेडिकल ग्रेड सिलिकॉन’ लिहिलेलं काहीही डोळे मिटून घ्या, शंका आली तर लायटर लावून बघा. वापरल्यावर डेटॉलच्या पाण्यात रात्रभर बुडवा आणि त्याच पाण्याने आतूनही स्वच्छ व्हा. वंगणाला खोबरेल तेलासारखं दुसरं काही नाही. उकळलं की कुठलीही वस्तू शुद्ध होते. कंडोम चढवला असेल तर धुवायची गरज नाही. आणि शेवटी, या वस्तू जवळ असणं हा गुन्हा आहे, म्हणून त्रास झाला तरी डॉक्टरला सांगू नका.

सुरुवात डेटॉलपासून करते, कारण त्याने झालेलं नुकसान मी समोर पाहिलं. खरचटलेल्या गुडघ्यावर पाणी घालून लावायला ते चांगलं आहे, त्यासाठीच ते बनवलंय. योनीच्या आतलं अस्तर मात्र गुडघ्याच्या कातडीसारखं नसतं. ते नाजूक, ओलं असतं आणि त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाच्या उपयोगी जिवाणूंची वस्ती असते. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. पाळी येणाऱ्या वयात तिथला पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) त्यामुळे साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि नको ते जंतू वाढत नाहीत. आपला नेहमीचा अंगाचा साबण पीएच ९-१० च्या घरातला असतो. साबण किंवा जंतुनाशक आत गेलं की वाईट जंतूंबरोबर ही राखणदार वस्तीही मरते. मग वास येणं, अंगावरून पांढरं जाणं, खाज, जळजळ हे सगळं मागे लागतं. बायका म्हणतात, "एवढी स्वच्छता ठेवते तरी होतं." अहो, त्या स्वच्छतेमुळेच होतं. योनी स्वतःला आतून साफ ठेवते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे. पाळी गेल्यावर किंवा रेडिएशननंतर अस्तर पातळ आणि कोरडं होतं, तेव्हा तर जास्तच जपायला हवं.

धुवायचं आहे ते वस्तूला. कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, आणि साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली खळखळून धुणं. रोजच्या वापराला, वस्तू एकाच माणसाची असेल तर, एवढं पुरतं. बटणाच्या कडा, जोडाची शिवण, नक्षीच्या खाचा इथे बोट फिरवून बघा, घाण तिथेच साठते. वापरल्यावर लगेच धुवा, वाळल्यावर ती खरवडावी लागते. आणि वापरायच्या आधी पुन्हा एकदा धुवा, कारण कपाटात पडून धूळ बसतेच.

मावशींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती आणि ती ‘मेडिकल ग्रेड’ या शिक्क्याशी जोडलेली आहे. त्यांच्या डायलेटरच्या खोक्यावरही तेच शब्द छापलेले होते. हाताला मात्र तो सिलिकॉनचा लागत नव्हता. चांगल्या सिलिकॉनला वास जवळजवळ नसतो आणि ते तेलकट होत नाही. टीपीई, टीपीआर ही रबरासारखी मऊ प्लास्टिकं किंवा ‘जेली’ म्हणून विकलं जाणारं मऊ पीव्हीसी, यांच्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. डब्यात सांबार न्या: स्टीलचा डबा घासला की लख्ख होतो, स्वस्त प्लास्टिकच्या डब्याला हळदीचा पिवळेपणा आणि वास कायमचा चिकटतो. इथेही तसंच. सच्छिद्र वस्तू रात्रभर जंतुनाशकात बुडवली की ती ते थोडंफार शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी आत गेल्यावर हळूहळू सोडते. मावशी रोज स्वतःच्या हाताने ती आग आत नेत होत्या.

मऊ पीव्हीसीत लवचिकपणा आणायला थॅलेट नावाची रसायनं घालतात. ती पदार्थाला घट्ट बांधलेली नसतात, झिरपून बाहेर येतात. खोकं उघडताच नव्या चपलेसारखा किंवा शॉवर कर्टनसारखा वास आला, वस्तू चिकट लागली, तर ती शरीरात घालू नका. घेतानाच सिलिकॉन, बोरोसिलिकेट काच किंवा स्टेनलेस स्टील घ्या. यांना छिद्रं नसतात. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्या मुलींना चांगलं सिलिकॉन हाताला कसं लागतं ते माहीत असतं, त्याच्याशी ताडून बघा. या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ साली आलं. त्याचा उल्लेख, पदार्थाचं पूर्ण नाव, बनवणाऱ्याचा पत्ता आणि धुण्याच्या सूचना देणारी कंपनी, नुसते दोन इंग्रजी शब्द ठळक छापणाऱ्या कंपनीपेक्षा बरी.

लायटरचं काय? नका करू. रंग, भेसळ, वरचा थर यांनी निकाल बदलतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत पडद्याशेजारी बसून प्लास्टिक पेटवायचं म्हणजे पदार्थ कळायच्या आधी हात भाजायचा.

खोबरेल तेलाच्या विरोधात बोललं की आपल्याकडे लोकांना राग येतो, त्याची मला कल्पना आहे. केसांना लावा, अंगाला लावा. पण कंडोम बहुतेक लॅटेक्सचे असतात आणि तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. वापरताना ते फाटतं, कळतही नाही. व्हॅसलिन, बेबी ऑइल, मोहरीचं तेल यांनाही हेच लागू. शिवाय तेल पाण्याने सहज निघत नाही. ते आत राहतं, सच्छिद्र वस्तूत मुरतं आणि मग खवट वास येतो. पाण्यावर आधारित जेल सगळ्या पदार्थांबरोबर चालतं. सिलिकॉनचं जेल सिलिकॉनच्या वस्तूला लावू नका, पृष्ठभाग चिकट आणि खडबडीत होऊ शकतो.

पण ‘वॉटर बेस्ड’ लिहिलेलं सगळंच सारखं नसतं, आणि हे आमच्या काउंटरवर कुणी विचारतच नाही. मोरावळा करताना आवळा घट्ट पाकात टाकला की पाक त्याच्यातलं पाणी ओढून घेतो आणि आवळा सुरकुततो. ज्या जेलमध्ये ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल भरपूर असतं, ते आतल्या अस्तराच्या पेशींचं असंच पाणी ओढतं. या ओढीचं माप म्हणजे ऑस्मोलॅलिटी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या सूचनेत ती १२०० च्या वर नसावी, आणि योनीसाठीच्या जेलचा पीएच ४.५ च्या आसपास असावा, असं सांगितलंय. वेष्टनावर हे आकडे क्वचितच सापडतात. तेव्हा घटकांची यादी वाचा. ग्लिसरीन पहिल्या दोन-तीन नावांत असेल, किंवा ‘वॉर्मिंग’, ‘कूलिंग’, स्ट्रॉबेरी असलं काही लिहिलं असेल, तर कोरडेपणा असलेल्या बाईने ते घेऊ नये.

‘उकळलं की शुद्ध’ हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवतं. मोटर नसलेलं अस्सल सिलिकॉन आणि स्टील खळखळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं ठेवता येतं. त्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं ठेवा, आणि वस्तू तळाला टेकून राहू देऊ नका. बोरोसिलिकेट काच उकळत्या पाण्यातून काढून लगेच नळाखाली धरू नका, तडा जाऊ शकतो. तडा किंवा टवका गेलेली काच टाकूनच द्यायची. टीपीई आणि जेली वितळतात. मोटरवाली वस्तू उकळली तर बंद पडते, आणि ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावरही जाऊ नका. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी, आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारी. तिला पाण्यात न बुडवता साबणाच्या ओल्या कापडाने पुसा, मग साध्या ओल्या कापडाने. चार्जिंगचं भोक कोरडं झाल्याशिवाय वायर लावू नका.

वाळवण्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, आणि मुंबईत खरी अडचण तीच आहे. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. एका खोलीत पाच माणसं, मोरीला दार नाही, दोरीवर सगळ्यांचे कपडे. मग लोक वस्तू ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गादीखाली सरकवतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, माझंही लहानपण लालबागच्या चाळीत गेलंय. स्वतःचा वेगळा सुती रुमाल ठेवा, त्याने नीट टिपून घ्या आणि दुसऱ्या कोरड्या रुमालात सैल गुंडाळून ठेवा. सुती कापडातून हवा खेळते, आणि कपाटात घडी करून ठेवलेल्या रुमालाकडे कुणाचं लक्ष जात नाही. शेजारी डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वास मऊ पदार्थात बसतो. दोन मऊ वस्तू एकमेकींना लावून ठेवू नका, काही पदार्थ चिकटून विरघळतात. डाग पडला, भेग गेली, धुऊनही वास राहिला, की वस्तूचं आयुष्य संपलं, मग ती कितीही महाग असो.

कंडोम चढवणं चांगलंच, सच्छिद्र वस्तू वापरावी लागत असेल तर नक्कीच. पण मूठ आणि बुडखा उघडाच राहतो, आणि काढताना हात लागतो तो लागतोच. कंडोम टाकून वस्तू धुवायची. माणूस बदलला की कंडोम बदलायचा. गुदद्वारात वापरलेली वस्तू न धुता किंवा कंडोम न बदलता योनीकडे कधीही आणायची नाही. आतड्यातले जंतू तिथे आणि लघवीच्या मार्गात गेले की संसर्ग होतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणूही वस्तूवर टिकू शकतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अमेरिकी अभ्यासात, धुतलेल्या काही व्हायब्रेटरवर चोवीस तासांनंतरही त्याचे अंश सापडले होते, आणि ते सिलिकॉनपेक्षा टीपीईसारख्या पदार्थावर. आपली वस्तू आपलीच ठेवा.

आता शेवटचा सल्ला, ज्याची मला खरोखर चीड आली. ‘जवळ असणं गुन्हा.’ नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९४, आणि त्याआधी दंड संहितेचं कलम २९२, अश्लील वस्तूंची विक्री, वाटप, जाहीर प्रदर्शन आणि त्यासाठी त्या बाळगणं याबद्दल बोलतं. स्वतःच्या घरात स्वतःसाठी ठेवलेल्या वस्तूबद्दल नाही. सेक्स टॉय म्हणून वापरता येतील असं म्हणत कस्टम्सने अडवलेल्या बॉडी मसाजरच्या प्रकरणात तर मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्स खात्याचं अपीलच फेटाळलं. आणि रुग्णाने सांगितलेलं गुपित ठेवणं हे डॉक्टरवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनेच बंधनकारक केलंय.

या एका ओळीमुळे मावशी तीन आठवडे गप्प राहिल्या. तपासणीला दोनदा जाऊन आल्या आणि आग होते हे बोलल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, "मावशी, आजच दाखवा, हे रुमालासकट घेऊन जा." त्या गेल्या. डॉक्टरांनी ओरडा केला नाही. काही दिवस सगळं बंद ठेवून मग रुग्णालयातल्या पहिल्याच प्रकारच्या डायलेटरवर, एक आकार लहान घेऊन, जेल लावून सुरू करायला सांगितलं.

लाजून थांबण्यात सगळ्यात मोठा धोका वस्तू आत अडकते तेव्हा असतो. गुदद्वारात घालायच्या वस्तूला रुंद बूड असलंच पाहिजे. तिथले स्नायू वस्तू आत ओढतात आणि योनीसारखा पुढे बंद टोकाचा आडोसा तिथे नसतो. अडकली तर चिमटा, चमचा, जुलाबाचं औषध यातलं काहीही करू नका, आतडं फाटू शकतं. त्याच रात्री जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. रक्त येत असेल, पोट कडक होऊन दुखत असेल किंवा ताप असेल, तर क्षणभरही थांबू नका. केसपेपरच्या खिडकीवर मागे रांग उभी असते, तिथे "पोटात दुखतंय, सर्जनना दाखवायचंय" एवढं पुरे. आत डॉक्टरसमोर पडदा ओढल्यावर वस्तू कसली, केवढी, कधीपासून अडकलीय आणि तिच्यात बॅटरी आहे का, हे सरळ सांगा.