इंट्रानेटची सक्ती करावी का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

कंपनीचे इंट्रानेट, म्हणजे फक्त कर्मचाऱ्यांसाठीचे अंतर्गत संकेतस्थळ, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. कालबाह्य पाने बाजूला काढा, प्रत्येक पानाला जबाबदार व्यक्ती नेमा आणि मांडणी विभागांनुसार न करता कामांनुसार करा, या माझ्या सूचना कागदावर शोभतात, असा आपला मुख्य आक्षेप आहे. कर्मचाऱ्यांना इंट्रानेट उघडण्याची सवयच नसते आणि ती लावायची तर सक्ती हवी, असे आपण म्हणता. त्यासाठी ब्राउझर सुरू होताच इंट्रानेटचे मुखपृष्ठ यावे, हजेरी तिथूनच लागावी आणि जास्त मजकूर टाकणाऱ्या विभागाला गुण मिळावेत, असे उपायही आपण सुचवले आहेत. शिवाय सर्च इंजिन बदलूनही आपल्याकडे फरक पडला नाही, जुनी परिपत्रके हटवणे लेखापरीक्षणाच्या दृष्टीने धोक्याचे आहे, पाने सांभाळायला विभागांकडे वेळ नाही आणि एआय चॅटबॉट आल्यावर ही आवराआवर कशाला, असेही आपण विचारता. हे काम आपण स्वतः केलेले आहे हे ओळीओळीतून जाणवते, म्हणून दोन ओळींचे उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

आधी सक्तीविषयी. हजेरी इंट्रानेटवरून घेतली, तर दुसऱ्या दिवसापासून सगळे कर्मचारी तिथे येतील आणि भेटींचा आलेख एकदम उंच जाईल, यात शंका नाही. पण त्यातले बहुतेक जण हजेरीचे बटण दाबून त्याच मिनिटाला बाहेर पडतील, आणि खर्चाचे बिल कसे सादर करायचे हा प्रश्न पडला की पूर्वीसारखाच लेखा विभागातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतील. म्हणजे वापर होता तिथेच राहील आणि तो होत नसल्याचे दाखवून देणारा आकडा मात्र आपण आपल्याच हाताने निरुपयोगी केलेला असेल. उद्या व्यवस्थापनापुढे अडचण मांडायची वेळ आली, तर "सगळे तर रोज येतात," हे उत्तर तयार असेल.

कर्मचारी उदासीन आहेत हे निदान मला का पटत नाही, ते एका प्रसंगावरून सांगतो. एका कंपनीत मी एका कर्मचाऱ्याच्या शेजारी बसून त्याचे काम पाहत होतो. कामानिमित्त बाहेरगावी जाऊन आल्यावर मुक्कामाच्या खर्चाची कमाल मर्यादा किती, एवढेच त्याला हवे होते. त्याने सर्चमध्ये "हॉटेल लिमिट" असे टाइप केले. काहीही सापडले नाही, कारण त्या दस्तऐवजाचे नाव "प्रवास भत्ता धोरण (सुधारित)" असे होते आणि त्यात हॉटेल हा शब्दच नव्हता, "निवासव्यवस्था" असा होता. मग त्याने नुसते "प्रवास" टाकून पाहिले. वरचे तीन निकाल एकाच नावाचे होते आणि तिन्हींच्या फायलींना वेगवेगळ्या तारखा होत्या. चौथा निकाल कुठल्याशा सहलीच्या छायाचित्रांचा होता. त्याने पहिला उघडला. ती आडवी स्कॅन झालेली पीडीएफ निघाली आणि तिच्यावर सही होती केव्हाच निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याची. त्याने ती बंद केली आणि फोन उचलला. पलीकडून अर्ध्या मिनिटात नेमके उत्तर मिळाले. पुढच्या वेळी हा माणूस आधी सर्च उघडेल, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करायची? त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला होता. पण समोर आलेल्या कागदावर विश्वास ठेवावा असे त्याला त्या कागदात काही दिसले नाही. चुकीच्या मर्यादेने बिल भरले असते, तर ते परत आले असते आणि पैसे त्याचेच अडकले असते. अशा स्थितीत फोन करणे हाच शहाणपणाचा निर्णय होता, आणि शहाणपणाने घेतलेला निर्णय सक्तीने बदलत नाही.

माझ्या मते इंट्रानेटचा सगळा प्रश्न या विश्वासाचा आहे. इथले उत्तर आजचे आहे आणि त्यामागे कोणीतरी उभे आहे, अशी खात्री पटली की लोक न सांगता येतात. ती एकदा गेली की रंगसंगती, बॅनर किंवा नवे नाव यांपैकी कशानेही ती परत येत नाही.

तरीही आपल्या सूचनेत एक खरी गोष्ट आहे, ती मी सोडू इच्छित नाही. सक्ती हवी, पण ती मजकूर पाठवणाऱ्या विभागांवर हवी. नवे धोरण निघाले की एचआर ते सर्वांना ईमेलला जोडून पाठवते आणि त्याच क्षणी त्याच्या शेकडो प्रती लोकांच्या मेलबॉक्समध्ये तयार होतात. पुढे दुरुस्ती झाली तरी त्या प्रती तशाच राहतात आणि लोक मेलमधलीच प्रत शोधत बसतात. धोरण, नमुना किंवा परिपत्रक जोडपत्र म्हणून पाठवायचे नाही, ईमेलमध्ये केवळ इंट्रानेटवरील पानाची लिंक द्यायची, हा नियम वरिष्ठांनी घालून द्यावा आणि स्वतःही पाळावा. रजेचा अर्ज इंट्रानेटवर नीट चालू लागल्यावर कागदी अर्ज बंद करणेही योग्यच आहे. मात्र आधी तो मोबाइलवरून, दुसऱ्यांदा लॉगिन न करता भरता आला पाहिजे.

गुणांच्या स्पर्धेबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. जास्त मजकूर टाकणाऱ्याला गुण दिले की मजकूर वाढतो, आणि ज्या ढिगाऱ्यात तो कर्मचारी हरवला तो आणखी उंच होतो. ऑनलाइन समूहांत साधारणतः 90 टक्के लोक फक्त वाचतात, 9 टक्के अधूनमधून लिहितात आणि 1 टक्का बहुतेक मजकूर निर्माण करतात, असे एक ढोबळ प्रमाण संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये मांडले होते. कंपनीत ते नेमके तसेच नसेल, पण बहुसंख्य माणसे वाचायला आणि काम उरकायला येतात हे खरेच आहे. न लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यामुळे उदासीन ठरवू नये.

सर्च इंजिन बदलूनही फरक पडला नाही, हा आपला अनुभव मला मुळीच आश्चर्याचा वाटत नाही. "गूगलसारखा सर्च द्या," अशी मागणी सर्वत्र होते. पण 1998 मध्ये गूगलने पेजरँक या पानांचे महत्त्व ठरवण्याच्या पद्धतीच्या रूपाने जी कल्पना पुढे आणली, तिचा आधार होता एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेल्या लिंका. बाहेरच्या वेबवर असंख्य लोक आपापल्या कारणाने लिंका देत असतात आणि प्रत्येक संकेतस्थळाचा मालक आपले पान सापडावे म्हणून धडपडत असतो. कंपनीच्या आत प्रवास धोरणाला कोणीच लिंक देत नाही आणि ते सापडले नाही म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. 2002 पासून गूगलने कंपन्यांसाठी गूगल सर्च अप्लायन्स नावाचे स्वतंत्र यंत्रही विकले, पण बाहेर ज्या खुणांवर भिस्त असते त्या आत मुळातच विरळ असतात. त्यात स्कॅन केलेल्या पीडीएफमधली अक्षरे ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवणे) केल्याशिवाय सर्चला दिसतही नाहीत. म्हणून इथे थोडे हातकाम लागते. आयटी विभागाकडून सर्चच्या नोंदी मागवा. लोकांनी टाइप केलेले थोडेसेच शब्द पुन्हापुन्हा आलेले दिसतील. त्या शब्दांसाठी योग्य पान स्वतः ठरवून सर्वांत वर आणण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. लोक "सुट्टी" लिहितात आणि धोरण "रजा" म्हणते, तर दोन्ही शब्द जोडून द्यावेत. या कामाला नवी खरेदी लागत नाही.

मांडणीबाबतही हेच आहे. संगणकतज्ज्ञ मेल्व्हिन कॉनवे यांनी 1968 मध्ये असे निरीक्षण नोंदवले, की कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते तिच्यात त्या संस्थेच्या अंतर्गत संवादाचीच रचना उमटते. इंट्रानेटच्या मेनूमध्ये विभागांची यादी येते ती याच कारणाने. नव्या कर्मचाऱ्याला ओळखपत्र हरवल्यावर काय करायचे ते हवे असते. ते काम प्रशासनाचे, सुरक्षेचे की एचआरचे, हे त्याला माहीत असण्याचे कारणच नाही. नवा मेनू तयार करण्यापूर्वी त्याची नुसती शब्दांची यादी काही कर्मचाऱ्यांपुढे ठेवा आणि "ओळखपत्र हरवले, कुठे जाल?" असे विचारा. ते पहिले बोट कुठे ठेवतात यावरून पुष्कळ कळते.

एआय चॅटबॉटविषयी आपण उत्साहाने लिहिले आहे आणि त्याची उपयुक्तता मी नाकारत नाही. "हॉटेल लिमिट" म्हणजे निवासव्यवस्थेची मर्यादा, हे असा चॅटबॉट कदाचित ओळखेल. पण कंपनीच्या कागदपत्रांवर चालणारे हे चॅटबॉट बहुधा आधी संबंधित दस्तऐवज शोधतात आणि मग त्यांवरून उत्तर रचतात. तीन परस्परविरोधी धोरणे शिल्लक असतील, तर त्यांपैकी कुठल्याही एकावरून ते नीटनेटक्या वाक्यात उत्तर देतील, आणि त्या उत्तरात आडवी पीडीएफ किंवा निवृत्त अधिकाऱ्याची सही नसल्यामुळे कर्मचाऱ्याला सावध होण्याची संधीही मिळणार नाही. दुसरा धोका परवानग्यांचा आहे. एखाद्या फोल्डरला चुकून सर्वांसाठी प्रवेश दिलेला असतो आणि तो कोणाला सापडत नाही म्हणून निभावते. चॅटबॉट मात्र त्यातली पगाराची यादीही बाहेर काढू शकतो. तेव्हा आवराआवर चॅटबॉट आणण्याआधीच झालेली असावी.

जुन्या परिपत्रकांबाबत आपल्यात फारसा मतभेद नाही. कायद्याने आणि लेखापरीक्षणासाठी जे ठेवायचे ते अभिलेखात ठेवावे, सर्वसाधारण सर्चमधून वगळावे, आणि जुन्या लिंकवरून कोणी तिथे पोहोचलाच, तर "हे परिपत्रक रद्द झाले आहे" ही सूचना व चालू पानाची लिंक त्याला सर्वांत वर दिसावी.

राहिला विभागांच्या वेळेचा मुद्दा, आणि तो आपला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. हजारो पानांची जबाबदारी एकदम वाटायला गेलात, तर कोणीही ती घेणार नाही. पण वेळ आजही खर्च होतोच आहे. तो फोनवर, तेच उत्तर पुन्हापुन्हा देण्यात जातो आणि त्याची नोंद कुठे होत नाही. म्हणून सुरुवात मोजक्या पानांपासून करावी. प्रत्येक पानावर एका व्यक्तीचे नाव असावे. "एचआर विभाग" असे लिहिले की ते पान कोणाचेच राहत नाही. शेवटचा आढावा कधी झाला आणि पुढचा कधी होणार, या दोन्ही तारखा वाचणाऱ्याला दिसाव्यात. आढाव्याची तारीख उलटली की त्या व्यक्तीला आणि नंतर तिच्या वरिष्ठांना सूचना जावी, आणि तरीही काही झाले नाही तर पान सर्चमधून आपोआप उतरावे. बदली किंवा राजीनाम्याच्या वेळी लॅपटॉप परत घेतो त्याच यादीत "याच्या नावावरची पाने कोणाकडे दिली?" हा रकाना असावा. आणि प्रत्येक पानाखाली "इथे चूक आहे" असे बटण असावे, ज्यावरची तक्रार थेट त्या पानाच्या जबाबदार व्यक्तीकडे जाईल.

व्यवस्थापन फक्त भेटींचा आकडा मागते, अशी तक्रार आपण शेवटी केली आहे. त्यांना त्याऐवजी दोन आकडे द्या. एक, किती वेळा लोकांनी सर्च केला आणि एकाही निकालावर क्लिक केले नाही. दुसरा, ज्यांचे उत्तर इंट्रानेटवर असायला हवे होते असे किती प्रश्न फोनने किंवा ईमेलने विभागांकडे आले. दुसऱ्या आकड्यासाठी लेखा विभागाला एक आठवडा साधी नोंद ठेवायला सांगा. फोन ठेवल्यावर प्रश्नासमोर एक रेघ ओढली तरी पुरे. त्या नोंदीत ज्या प्रश्नासमोर सर्वांत जास्त रेघा असतील, त्याचे पान आधी हातात घ्या.