पाटी पितळेची करू नका

तर तुम्हाला एमबीबीएसनंतर मिळालेली ब्रँच, म्हणजे डॉक्टरकीची शाखा, बदलायची आहे. ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या शाखेच्या, पहिल्या वर्षाला पाच महिने झालेत. ॲप्रनच्या बाहीवर वाळलेलं प्लास्टर आहे, पायात इमर्जन्सी डेची सूज आहे. आणि परवा पहाटे साडेतीनला एका आजोबांच्या पायाला ट्रॅक्शनचं वजन लावताना तुमच्या लक्षात आलं, की आपल्याला त्यांच्या मांडीच्या हाडापेक्षा ते मघापासून भिंतीकडे बघून कुणाशी बोलतायत यातच जास्त रस आहे. म्हणजे तुम्हाला सायकियाट्री, मनाच्या आजारांची शाखा, करायची आहे.

अभिनंदन. हा शोध लागायला काहींना साठी उजाडते. आता तो कुणाला सांगू नका, आणि सांगायचाच असेल तर आधी माझं ऐका. मी भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीतून शाहूपुरीत, शाहूपुरीतून ताराबाई पार्कात गाडी पळवतोय. हिरव्या पडद्याच्या अलीकडे पेशंटच्या डोक्याशी बसायचं आणि पलीकडे कोण काय करतंय ते बघायचं, हा माझा धंदा. कोण सर्जन व्हायला जन्मला आणि कोणाला रँकेनं सर्जन केलं, हे मला हातमोजे चढवायच्या पद्धतीवरून कळतं.

पहिला सल्ला असा, की ही ब्रँच मी निवडली होती असं कुठं बोलून बसू नका. लोक हसतील. तुम्ही नीट पीजी दिली, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची देशभराची परीक्षा. 200 प्रश्न, 800 गुण, साडेतीन तास, चुकलं की एक गुण वजा. त्यातून एक आकडा पडला आणि त्या आकड्याला जे मिळालं ते तुम्ही घेतलंत. गर्दीच्या दिवशी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरतात, तसंच. गाडी गारगोटीला चाललीय का गडहिंग्लजला, ते बसल्यावर बघायचं. कोणत्या पेशंटसमोर बसल्यावर तुमचं घड्याळाकडे लक्ष जात नाही, हा 201वा प्रश्न त्या परीक्षेत नाही आणि यायचाही नाही. 2023 साली तर पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणून ठेवली होती, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. जागा रिकामी राहिलेली आपल्याकडं कुणाला बघवत नाही. तिच्यावर बसलेला आतून रिकामा झाला तर त्याचं एवढं काही नाही.

दुसरं म्हणजे, 'बदलणे' हा शब्द डोक्यातून काढा. आपल्याकडे ब्रँच बदलत नाहीत, सोडतात. ऑर्थोचा वॉर्ड खाली, सायकियाट्रीचा वर, मध्ये एक जिना. तुम्हाला वाटेल, अर्ज करावा आणि जिना चढावा. तसं नसतं. राजीनामा द्यायचा, खाली उतरायचं, घरी जायचं, पुन्हा तेच 200 प्रश्न सोडवायचे, पुन्हा प्रवेशाच्या राउंडच्या याद्यांत नाव शोधायचं, आणि सगळं जुळलं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. ऑर्थोत काढलेले महिने कशातच धरत नाहीत. अमेरिकेत दुसऱ्या शाखेत जागा असेल आणि तिथले लोक घ्यायला राजी असतील, तर निवासी डॉक्टर सरकू शकतो, केलेल्या कामातलं थोडंफार कधी मोजलंही जातं. पण फार हुरळू नका. तिथंही सरकारचा पूर्ण पैसा पहिल्या शाखेला लागतील तेवढ्याच वर्षांचा येतो, त्यामुळे उशिरा शहाणा झालेला माणूस तिथंही महागच पडतो.

आणि दंड? सीट सोडण्याचा बाँड नावाची एक चीज आहे, म्हणजे मध्येच सोडलं तर दंड भरायचा करार. एनएमसीनं, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं, जानेवारी 2024 मध्ये राज्यांना सुचवलं, की हा दंड बंद करा, पोरांना त्याचा ताण होतो, त्याऐवजी एक वर्ष प्रवेशबंदी घालण्याचा विचार करा. म्हणजे पैसे भरण्याचा ताण नको, वर्षभर घरी बसून शेजाऱ्यांना तोंड देण्याचा चालेल. तुमच्या राज्यात, तुमच्या वर्षी नेमकं काय लागू आहे ते माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा, सिनियरच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. त्यात राज्याच्या सेवेचा बाँड वेगळा. महाराष्ट्रात पीजी संपल्यावर एक वर्ष सेवा केली नाही तर 50 लाख. हे दोन बाँड वेगवेगळे आहेत हे वडिलांना समजावून सांगायला जाऊ नका. '50 लाख' ऐकल्यावर त्यांना पुढचं काही ऐकू येत नाही.

आता एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, सांगायचं कसं? राउंडला नाही, ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरात नाही, ओपीडीत तर नाहीच. उरलेल्या वेळात सांगा. उरलेला वेळ मिळाला तर मलाही कळवा. 1992 च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला 48 तास लिहिले होते. 2023 च्या पीजी नियमांत 'वाजवी तास' आणि आठवड्याची एक सुट्टी आहे. 2024 मध्ये एनएमसीच्याच कृती गटानं 74 तासांच्या वर नको म्हटलं. 48 वरून 74 वर येऊन आपण त्याला सुधारणा म्हणतोय, इतकी वाजवी आपली भूक. सर मात्र सांगतील, "आमच्या वेळी आम्ही तीन-तीन दिवस अंघोळ केली नाही." हे ते अभिमानानं सांगतात, आणि त्यांना कुणी अडवत नाही. ज्या अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेडनं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ही रुग्णालयातच राहून शिकायची पद्धत रुजवली, तो भूल देण्याच्या प्रयोगांतून कोकेनच्या आणि मग मॉर्फिनच्या आहारी गेला होता. हे सरांना सांगू नका. मी एकदा सांगितलं होतं. पुढचे सहा महिने मला त्या युनिटची फक्त रात्रीची बोलावणी आली.

सर तुम्हाला घाबरट म्हणतील, मग भावनिक होतील, मग म्हणतील, "सहा महिने थांब, सगळ्यांना असंच वाटतं." हे वाक्य ऐकलं की सावध व्हा, कारण ते अर्धं खरं आहे. पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांनाच सोडावंसं वाटतं. दमल्यामुळं सोडावंसं वाटणं निराळं आणि भलत्याच दारात उभे आहोत हे कळणं निराळं. पण हा फरक ओळखायला दोन रात्रींची सलग झोप लागते, आणि ती मिळत नाही. म्हणून बहुतेक जण फरक न ओळखताच हाडाचे डॉक्टर होऊन जातात.

नातेवाइकांचं मात्र तपशिलात सांगायला पाहिजे. कोल्हापुरात हाडाच्या डॉक्टरला जो मान आहे तो आमदारालाही नाही. तालमी, कुस्ती, फुटबॉल, गुळगुळीत रस्त्यावर उडणाऱ्या गाड्या, नाही तर खड्ड्यातून उडणाऱ्या गाड्या, माणूस मोडतोच. तुमची आत्या पाच महिन्यांपासून गल्लीतल्या सगळ्यांचे गुडघे तुमच्या नावानं राखून बसलीय. आणि तुम्ही सांगणार सायकियाट्री. मामा म्हणणार, "आरं मर्दा, हाडाचा डाक्टर सोडून येड्यांचा डाक्टर व्हतोस व्हय?" मग आवाज खाली आणून विचारणार, "तुला सोताला काय तरास हाय काय?" मग आणखी खाली आणून, "झोप लागंना झालीया रं मला दोन म्हैने. गोळी हाय का एकादी?" गोळी लिहून देऊ नका. पण बसा त्यांच्याजवळ, दोन महिन्यांपूर्वी काय झालं ते विचारा. ओपीडी तिथंच सुरू झाली असं समजा.

एक सुशिक्षित काका असतातच. ते आनंदीबाई जोशींचा दाखला देणार. "1883 साली, अठराव्या वर्षी ती बाई बोटीतून अमेरिकेला गेली, आणि तुला एसीच्या ओटीत जमत नाही?" ऐकून घ्या. काकांना ठाऊक नसतं, ते असं: आनंदीबाई 1886 मध्ये एमडी होऊन परतल्या, त्यांची नेमणूक याच कोल्हापुरात, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या वॉर्डवर झाली होती, आणि तो पदभार घेण्याआधीच 1887 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. दुसऱ्याला जुंपायला त्यांचं नाव घेणाऱ्यांनी ही तारीख एकदा बघावी. जाऊ दे. काकांशी वाद घालू नका, त्यांच्या मुलीला रेडिओलॉजी मिळालीय.

याच गावात मातीतला पैलवान मॅटवर गेला तर लोक म्हणतात, पोरगं तयारीला गेलं. खासबागेच्या कुस्ती मैदानात कुणी त्याला पळपुटा म्हणत नाही. डॉक्टरनं आखाडा बदलला की तो पळाला. कुस्तीतलं एवढं कळणाऱ्या गावानं असं म्हणावं, याचं मला वाईट वाटतं.

आकडे हवेत? माहितीच्या अधिकारात एनएमसीनं दिलेली आणि 2024 च्या सुरुवातीला छापून आलेली माहिती अशी, की पाच वर्षांत 1,117 जणांनी पीजी अर्ध्यात सोडली. त्याच उत्तरात पीजी करताना आत्महत्या केलेल्या 58 जणांचाही आकडा होता. त्यावर उपरोधानं लिहिण्याची माझी लायकी नाही.

सोडून गेलेले कुणी तरी मोजतं. न सोडलेल्यांची मोजदाद कुठंच नाही. ते मी बघतो, पडद्याच्या अलीकडून. एक सर्जन आहेत, हात बरा आहे, गर्दीही आहे. टाके घालायला घेतले की त्यांचं सुरू होतं. सिस्टरनं आर्टरी फोर्सेप द्यायला अर्धा सेकंद उशीर केला की तो ट्रेमध्ये आपटतात, ट्रे वाजतो, आणि मग पोटाचा थर शिवता शिवता मला सांगतात, "मेडिसिन मिळत होतं मला. चाळीस रँकनी हुकलं." हे मी शंभरदा ऐकलंय. टेबलावरच्या बाईचं नाव त्यांना चार्टवर बघावं लागतं, पण स्वतःची रँक आकड्यानिशी पाठ आहे. सव्वीस वर्षं झाली त्या रँकेला. त्यांना गावात जिद्दी म्हणतात.

आणि मी? मला बालरोग हवं होतं. माझाही आकडा मला पाठ आहे. विचारू नका.

तर शेवटी राजीनामा देणारच असाल, तर कार्यालयात जाताना नाश्ता करून जा. 'नो ड्यूज'च्या कागदावर अकरा सह्या लागतात. लायब्ररी, होस्टेल, मेस, भांडार, आणि एक खातं असं की ते कुठल्या मजल्यावर बसतं ते तिथल्या शिपाईमामांनाच ठाऊक. माझ्या ओळखीच्या एका पोराचं पुस्तक परत करायला उशीर झाला होता. लाखांचा हिशेब बाजूला राहिला आणि सगळी फाइल सत्तावीस रुपयांच्या दंडासाठी दीड दिवस अडली, कारण पावतीपुस्तक ज्यांच्या कपाटात ते जोतिबाला गेले होते. शेवटच्या सहीला क्लार्कसाहेबांनी फाइल मिटली, चष्मा काढला, दार लोटून घेतलं आणि शर्ट वर करून पाठ दाखवली. "डॉक्टर, जाता जाता एवढं बघा. मणक्यात गॅप सांगितलाय. तुम्ही हाडाचेच ना?" पोरानं घड्याळ बघितलं. अजून वीस मिनिटं तो हाडाचाच होता. त्यानं तपासलं.

राहता राहिली पाटी. ती पितळेची करू नका, एवढंच मला खरं तर सांगायचं होतं, बाकीचं विषयाच्या ओघात आलं. गेल्या महिन्यात माझ्या गाडीवरचं डॉक्टरचं चिन्ह उन्हानं उडालं म्हणून महाद्वार रोडच्या बाजूला एका पाटीवाल्याकडे गेलो होतो. माझ्या आधी एक गृहस्थ बसले होते, पांढरी टोपी, पायात करकरणारं नवं पायताण. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळी पाटी काढली. वर 'डॉ.', मग मुलाचं नाव, खाली 'अस्थिरोगतज्ज्ञ'. ॲडमिशन झाली त्याच आठवड्यात करून घेतलेली असणार, एक ओरखडा नव्हता तिच्यावर.

"खालची वळ घासून निगंल का?"

"कोरलेलं हाय ओ आबा. घासलं तर पत्रा पातळ हुईल."

"हुं दे."

पाटीवाल्यानं पाटी उजेडात धरून बघितली. "मग तितं काय घालू?"

म्हाताऱ्यानं बाहेर रस्त्याकडं बघितलं. तिथं मोटारसायकलवर एक पोरगा हेल्मेट न काढता बसला होता.

"तितं मोकळंच राहू दे सध्या," ते म्हणाले. "त्यो सांगंल."

पाटीवाल्यानं घासायचे तीनशे सांगितले. आबांनी अडीचशेला जमवलं.