शेक घेतलेल्या माणसाला शिवायला भिऊ नका
कॅन्सरवरच्या रेडिएशनचा, म्हणजे किरणांच्या उपचाराचा लेख वाचला. त्यात दुष्परिणाम नीट आलेत, पण घरात काय होतं ते राहिलं. आमच्या खानापूर भागात या रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात. आक्काचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग १५ शेक. रोज बसनं बेळगाव. गल्लीतल्या बायकांनी सांगून नातवाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही! बाहेरून मशीननं दिलेले किरण मशीन बंद झालं की संपले, अंगात काही उरत नाही. थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडीन-१३१ हे किरण सोडणारं औषध पोटात देतात, त्याची गोष्ट वेगळी. तिथं काही दिवस पोरं आणि गरोदर बायांपासून लांब राहावंच लागतं. लोकांनी दोन्हीची खिचडी केलीय.

आक्काला खरा त्रास झाला तो काळवंडलेल्या कातडीचा आणि थकव्याचा. संमतीचा कागद कन्नड-इंग्रजीत, तिनं न वाचताच सही ठोकली.

आणि हीच मंडळी सीटी स्कॅन मात्र स्वतः मागून काढतात, त्यातही किरणच असतात. छातीचा एक्स-रे साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट (अंगाला मिळणाऱ्या किरणांचं माप), पोटाचा सीटी ८-१०. डॉक्टर बदलला तरी जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्या, उगाच परत काढायला लागत नाही.