सामान्य माणसाने नगरपरिषदेला उभंच राहायचं नाही का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. नगरपरिषदेला उभं राहायला काय काय लागतं या माझ्या लेखावर तुम्ही बरंच रागाने लिहिलंय. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की, "वय २१ आणि यादीत नाव, झालं, असं सांगून तुम्ही लोकांना भुलवताय. माझ्या वहिनीचा अर्ज छाननीत उडवला, प्रतिज्ञापत्रात एक रकाना रिकामा होता म्हणून. या सगळ्या अटी गरिबाला बाहेर ठेवायलाच केल्यात." राग मला समजतो, पण चार ओळीत उत्तर देण्यासारखं हे नाहीये म्हणून इथे सविस्तर लिहितो.

वहिनींचं आधी. रिकाम्या रकान्यावरून अर्ज जाऊ शकतो हे खरंय, पण तो असा परस्पर जायला नको. सुप्रीम कोर्टाने २०१३ ला रिसर्जन्स इंडिया या संस्थेच्या केसमध्ये सांगितलंय की उमेदवाराने निदान 'निरंक', 'लागू नाही' किंवा 'माहीत नाही' एवढं तरी लिहिलंच पाहिजे, आणि अधिकाऱ्याला रिकामी जागा दिसली तर त्याने आधी भरायला सांगायचं, सांगूनही भरली नाही तर मग अर्ज नाकारायचा. तो निकाल आमदार-खासदारांच्या अर्जाबद्दलचा आहे, पण तत्त्व तेच ना? मग वहिनींना कुणी सांगितलं होतं का? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. आपल्याकडे काय होतं, नवऱ्याच्या नावावर जमीन नाही, मुलाचं बँकेत खातं नाही, मग तो चौकोन सोडून द्यायचा, बाकी कागदांवर हे खपून जातं, इथे नाही खपत. स्वतःचा, जोडीदाराचा आणि अवलंबून असलेल्या प्रत्येकाचा रकाना, मालमत्ता असो नसो, काहीतरी लिहून बंद करायचा. गुन्ह्यांच्या रकान्यात तर अजिबातच ढिलाई नको. प्रलंबित केस लपवली तर ते भ्रष्ट आचरण ठरतं आणि निवडून आल्यावरसुद्धा खुर्ची जाऊ शकते, २०१५ ला तमिळनाडूतल्या पंचायतीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय.

आता तुमचा मोठा मुद्दा, अटी गरिबाला अडवायला केल्यात. मला सगळ्या अटी एका मापाने मोजायच्या नाहीत. शौचालय वापरतो असं स्वतःच लिहून द्यायचं प्रमाणपत्र, अनामत रक्कम, खर्चासाठी वेगळं बँक खातं, यातलं काही गरिबाला अडवत नाही. राखीव प्रवर्गाला अनामतही निम्मीच असते. शिक्षणाची अट तर नगरसेवकाला आपल्याकडे नाहीच. राजस्थानने २०१५ ला आणली होती, पुढे काढून टाकली. पण जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे हे तपासून समिती देते ते, ही राखीव जागेची अट जीव काढते, आणि ती पैशाने कमी, वेळाने जास्त अडवते. हे मला जरा तपशिलात लिहू द्या.

वॉर्ड ओबीसी महिला राखीव निघाला असं धरा. सोडत झाली की घराघरात 'आपल्या सूनबाईला उभं करू' सुरू होतं. पण जात जन्माने धरतात, लग्नाने नाही. म्हणजे सूनबाईचे पुरावे सासरच्या कपाटात नाहीत, माहेरी आहेत, वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४ चा उतारा, कोतवाल बुकातली नोंद (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी). आणि ते पण कुठल्या काळातले? ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचे, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? भटक्या घरात गावची नोंद कुठून आणायची? इथे मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे. ज्यांच्यासाठी आरक्षण ठेवलं त्यातल्या सगळ्यात मागे राहिलेल्यालाच ते सिद्ध करणं सगळ्यात अवघड जातं.

सोय एकच आहे. जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र जोडलं तर उमेदवारी अर्ज चालतो, मात्र २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत निवडून आल्यापासून ६ महिन्यांत प्रमाणपत्र द्यायचं होतं, नाहीतर निवड पहिल्या दिवसापासून रद्द. लोक निवडून येतात, गुलाल उधळतात आणि समितीकडे फेऱ्या मारत बसतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, आज वैधतेचा अर्ज टाका. ती मिळाली की जन्मभर कामाला येते.

मतदार यादीचं पण असंच. लोकांना वाटतं फॉर्म भरायच्या आठवड्यात नाव टाकून घेऊ. राज्य निवडणूक आयोग नावं टाकत नाही, तो विधानसभेची यादी घेऊन प्रभागात तोडतो. २०२५ च्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती आणि अर्ज १० नोव्हेंबरपासून होते. जुलैनंतर नाव नोंदवलेल्याला उभं राहताच आलं नाही, वय ३० असो नाहीतर ६०. बाकी त्याच शहरातल्या दुसऱ्या वॉर्डातूनही उभं राहता येतं, फक्त सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, त्याच वॉर्डातला पाहिजे.

सूचकाचं सोपं वाटतं, सोपं नसतं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो, अपक्षाला पाच लागतात, आणि त्यांचे यादी क्रमांक अंतिम प्रभाग यादीतले लिहायचे, जुन्या विधानसभा यादीतले लिहिले की घोळ. सोलापूर जिल्ह्यात अनगर नगरपंचायतीला नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराचा अर्ज सूचकाची सही नाही या कारणावर बाद झाला होता, राज्यभर गाजलं ते. लहान गावात सत्तेवर असलेल्याच्या विरोधात सही करायला माणूस मिळणं हीच खरी लढाई असते, तिथे कायदा कितीही चांगला असला तरी अपुरा पडतो. हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि म्हणूनच पाचच्या जागी सात-आठ माणसं आधी बोलून ठेवा असं मी सांगतो.

दोन अपत्यांच्या अटीवर तुम्ही लिहिलंय 'ही तरी योग्य आहे'. इथे मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की अपात्र, आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ओडिशाच्या प्रकरणात सांगितलं की मूल दत्तक दिलं तरी मोजलं जाणारच. कोर्टाने २००३ मध्ये असा नियम वैध ठरवलाय, कायदा म्हणून तो पाळायचाच. पण तिसरं मूल हवं की नको हे आपल्या किती घरांत बाईला विचारतात? नवरा-सासूने ठरवायचं आणि निम्म्या जागा महिलांना राखीव असताना अपात्र ठरायचं तिने, हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

पैशाबद्दल. २०२५ ला 'क' वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान गटातल्या नगरपरिषदेत सदस्याला खर्चाची मर्यादा अडीच लाख होती, ती कमाल आहे, तेवढे लागतातच असं नाही. हरलात तरी ३० दिवसांत हिशोब द्या, नाही दिला तर ३ वर्षं उभं राहता येत नाही. हरलेले अपक्ष हे विसरतात आणि पुढच्या वेळी छाननीत त्यावरूनच अडकतात. पालिकेची नोटीस येऊनही न भरलेली थकबाकी आणि घराचं अनधिकृत बांधकाम, या दोन गोष्टीही आधी बघून ठेवा, विरोधक छाननीला नेमकं तेच घेऊन येतात.

वहिनींसाठी एक काम आजच करा. अर्ज नाकारल्याचा लेखी, कारणासकट आदेश मागून घ्या, तो त्यांचा हक्क आहे. नगरपरिषदेत छाननीच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, अशाच अपिलांमुळे काही ठिकाणचं मतदान २ डिसेंबर २०२५ वरून २० डिसेंबरला गेलं. ती मुदत आता गेली, पण आदेशात 'भरण्यास सांगूनही भरले नाही' असं लिहिलंय की नुसतं 'रिकामे' लिहिलंय ते वाचा आणि मला इथेच कळवा, नाव-गाव नको. वहिनींना पुन्हा उभं राहायचं असेल तर त्यांचं प्रतिज्ञापत्र रकान्या-रकान्याने तपासून द्यायला मी तयार आहे.