म्हणे उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवा!

मार्च उजाडला की हा मेसेज फिरायला लागतो. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग ऑफिसच्या, आणि हल्ली गाडीमागे कॅम्पिंगचा ट्रेलर लावून फिरणाऱ्यांच्या ग्रुपवरही. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मजकूर तोच. उन्हात टायरमधली हवा फुगते म्हणून ठरलेल्या आकड्यापेक्षा पाच-सहा पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी भरा. काँक्रीटवर टायर जास्त तापतो, म्हणून समृद्धी महामार्गावर जाताना आणखी कमी. वाटेत थांबलात की हात लावून बघा, टायर गरम लागला तर थोडी हवा सोडा. नायट्रोजन भरला की वर्षभर बघायला नको. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कधीच भरू नका. आणि ट्रेलरला इंजिन नसतं, त्यामुळे त्याला कारचे उतरवलेले टायर खुशाल चालतात. खाली ‘जनहितार्थ, पुढे पाठवा’ असतंच.

सगळंच खोटं असतं तर हा मेसेज एका उन्हाळ्यात मेला असता. प्रत्येक वाक्यात अर्धं खरं आहे, म्हणून तर तो इतका चालतो.

हवा तापली की दाब वाढतो, हे खरं. किती वाढतो ते मांडून बघू. समजा सकाळी ३० अंशाला तुम्ही ३३ पीएसआय हवा भरली. मीटरवर दिसतो तो वातावरणाच्या वरचा दाब, म्हणजे आतला खरा दाब त्यात १४.७ मिळवून साधारण ४७.७. हायवेवर आतली हवा ६० अंशांपर्यंत गेली, तर मीटर ३८ च्या आसपास दाखवेल. पाच पीएसआयची ही वाढ टायर बनवणाऱ्याला आणि गाडी बनवणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे स्टिकरवर जो आकडा असतो तो थंड टायरचाच: गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीडेक किलोमीटर चाललेली. पुढची वाढ त्यात धरलेली आहे. तुम्ही पुन्हा वजा करायची गरज नाही. धड असलेला टायर नुसत्या दाबाने फुटायला याच्या कितीतरी पट हवा लागते.

मग उन्हाळ्यात टायर फुटतात कशाने? वाकण्याने. तार एकाच जागी उलटसुलट वाकवत राहिलं की तिथे ती चटका बसेल इतकी तापते, तसंच टायरच्या भिंतीचं होतं. ताशी १०० च्या वेगाने कारचं चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्यात रबर जमिनीपाशी दबून पुन्हा सुटतं. हवा कमी असेल तर ते जास्त दबतं, जास्त वाकतं, आणि उष्णता आतूनच तयार होते. वर बोजा, वर वेग, वर मे महिन्याचं ऊन. शेवटी टायरच्या आतला पोलादी पट्टा आणि रबर यांची पकड सुटते आणि वरची नक्षी सालासारखी निघून येते. म्हणजे मेसेज ज्या फुटण्यापासून वाचवायला निघालाय, त्याचीच सोय करून ठेवतोय.

यावर ‘हे पुस्तकी’ असं कुणी म्हणेल, म्हणून एक गाजलेलं प्रकरण सांगतो. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर या मोठ्या गाडीवर होते. नक्षी सुटून, गाड्या उलटून २०० हून जास्त माणसं गेली. टायरच्या बनावटीतही दोष होता, सगळं खापर हवेवर फोडता येणार नाही. पण फोर्डने त्या गाडीला शिफारस केलेला दाब होता २६ पीएसआय, आणि पुढे फायरस्टोनचा आग्रह होता ३० चा. अपघात जास्त झाले ते टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोनासारख्या गरम राज्यांत. ऊन, वेग, बोजा आणि कमी हवा, चारही एकत्र. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि २००७ पासून नव्या गाड्यांना टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. ती दिवा लावते हवा कमी झाली की. उन्हाने वाढली म्हणून नव्हे.

काँक्रीटचा मुद्दा पटकन उरकतो. फिकट काँक्रीट ऊन परत फेकतं, काळं डांबर शोषतं, त्यामुळे भर दुपारी डांबरच जास्त तापलेलं असतं. समृद्धीवर खरा ताण सलग पळण्याचा. जून २०२५ मध्ये तिचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर सलग झाले. कारला वेगमर्यादा १२०. ना सिग्नल, ना गाव, ना टायरला दम खायची जागा. मुंबईत ज्या गाडीने वर्षभर सायन ते बीकेसी केलं, तिचा सहा वर्षांचा, हवा कमी असलेला टायर तिथे पहिल्यांदाच तासन्‌तास सलग पळतो. काँक्रीट बिचारं फुकट बदनाम.

सगळ्यात घातक सल्ला मात्र वाटेत हवा सोडण्याचा. वरचंच उदाहरण घ्या. शहापूरच्या पुढे चहाला थांबलात, मीटरने ३८ दाखवले, तुम्ही घाबरून ३३ वर आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर पुन्हा ३० अंशांवर आला की आत उरतात २९ पेक्षाही कमी. ट्रेलरच्या टायरमध्ये मुळात दाब जास्त, त्यामुळे घटही जास्त: ५० चे ५६ झाले म्हणून सोडून पुन्हा ५० केले, तर सकाळी ४४. आणि त्याच टायरवर तुम्ही पुढचे ३०० किलोमीटर जाणार. गरम टायरची हवा सोडायची नाही. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापलं असेल, तर तिथे हवा गळतेय, ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय. ते शोधा.

मुंबईत खरी अडचण वेगळीच आहे. थंड टायर घेऊन पंपावर पोचणार कसं? घरापासून पंप तीन किलोमीटर, त्यात अर्धा तास ट्रॅफिक. त्यावर तोड अशी: एक बऱ्यापैकी मीटर विकत घ्या, सकाळी पार्किंगमध्येच मोजा. पाहिजेत ३३ आणि निघाले २९, म्हणजे तूट चारची. पंपावर पोचेपर्यंत मीटर ३१ दाखवत असेल तर ३५ भरा, तूट तेवढीच. हवा भरणारा पोऱ्या चारही चाकांना ‘पस्तीस मारू?’ विचारतो, तेव्हा प्रत्येक चाकाचा आकडा आपण सांगायचा. हवा पंपावर फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. त्याला दहा रुपये द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

नायट्रोजनबद्दल एवढंच की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. नायट्रोजन जरा हळू झिरपतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने वर्षभर टायर नुसते ठेवून मोजलं होतं: ३० पीएसआयमधून साध्या हवेची घट सरासरी ३.५, नायट्रोजनची २.२. फरक आहे, नाही असं नाही. पण ‘वर्षभर बघायला नको’ या वाक्याला तो आधार देत नाही. पावसाळ्यातल्या कंप्रेसरच्या दमट हवेपेक्षा तो कोरडा असतो, हा एक फायदा मी मान्य करतो.

आता ट्रेलर. इथे मेसेज लिहिणाऱ्याचं ज्ञान उघडं पडतं.

कडेवर छापलेला आकडा ही कारच्या टायरची कमाल मर्यादा असते, भरायचा दाब नव्हे. ४४ किंवा ५१ लिहिलंय म्हणून कारमध्ये तेवढी भरायची नाही, इथवर मेसेज बरोबर. ट्रेलरला हे लागू होत नाही. अमेरिकेत ट्रेलरसाठी वेगळे टायर बनतात, त्यांच्यावर मापाच्या आधी ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर) छापलेलं असतं. त्यांच्या ट्रेलरच्या स्टिकरवर थंड दाब म्हणून बऱ्याचदा टायरच्या कडेवरचाच आकडा दिलेला असतो. कारण तिथे बोजा टायरच्या क्षमतेच्या अगदी काठावर असतो, आणि क्षमता ठरते हवेवर. ‘एसटी २२५/७५ आर १५’ या एकाच मापाचा, बोजा पेलायच्या ‘डी’ वर्गाचा टायर ६५ पीएसआयला साधारण ११५० किलो उचलतो, ‘ई’ वर्गाचा ८० ला सुमारे १२८५. पाच-सहा कमी केले की पेलायचं वजनही त्या प्रमाणात उतरलं. शिवाय या टायरवर वेगाचं वेगळं अक्षर नसेल तर मर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. समृद्धीवर १२० ची पाटी आहे म्हणून ट्रेलरला १२० ने ओढायचं नसतं. आणि ६५ च्या वर हवा भरायची असेल तर साधा रबरी व्हॉल्व्ह चालत नाही, जास्त दाबाला चालणारा, शक्यतो धातूचा, बसवावा लागतो. रिमलाही तेवढा दाब सोसता आला पाहिजे.

आपल्याकडे एसटी टायर सहज मिळत नाहीत, म्हणून कुर्ल्याहून कारचे जुने टायर आणून ट्रेलरला चढवायचा मोह होतो. हिशेब करा. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ हा अगदी सर्रास दिसणारा कारचा टायर. यातला ८८ हा बोज्याचा निर्देशांक, म्हणजे ५६० किलो. दोन चाकांचे ११२०. ट्रेलर ११०० किलोचा असेल तर कागदावर बसतो. पण कारचा टायर ट्रेलरला लावताना त्याची क्षमता १.१ ने भागायची असा अमेरिकेतला नियम आहे. मग उरतात एका चाकाला ५०९, दोन्ही मिळून १०१८. गेला की नाही हिशेब? त्यात पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की आणखी शंभर किलो. छोट्या टेम्पो-पिकअपचे टायर त्यापेक्षा खूप बरे. १०२ निर्देशांकाचा एक टायर ८५० किलो घेतो. ट्रेलर गॅरेजमध्ये बनवून घेतलेला असेल तर त्याला स्टिकर नसतो, तेव्हा सामान भरून कळंबोलीच्या एखाद्या वजनकाट्यावर घाला. एक्स्प्रेसवेच्या वाटेवरच आहे.

आणि ‘नक्षी शिल्लक आहे’ हे तर ट्रेलरबाबत काहीच सांगत नाही. ट्रेलर वर्षातले बरेच महिने आवारात एकाच जागी उभा असतो. नक्षी झिजायच्या आत रबर म्हातारं होतं. टॉर्च घेऊन खाली बसा आणि कडेवर चार आकडे शोधा, बऱ्याचदा ते आतल्या बाजूला असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जर्मनीत ट्रेलरला ताशी १०० ची परवानगी हवी असेल तर टायर सहा वर्षांच्या आतले लागतात. मीही तीच रेषा धरतो. नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि रिमलगत बारीक भेगा दिसल्या, तर वय न बघता उतरवा.

हवा भरताना तोंड टायरसमोर नको. क्लिपवाली नळी लावा आणि बाजूला उभे राहा. टायर बऱ्याच कमी हवेवर पळालेला असेल तर आधी उतरवून आतून बघितल्याशिवाय भरू नका. नवा टायर रिमवर बसवताना ४० पीएसआयपर्यंत कडा ‘फट्’ करून बसली नाही, तर हवा सोडून पुन्हा साबण लावायचा, आणखी दाबायचं नाही. पंक्चरवाला ‘काय होत नाय साहेब’ म्हणेल. म्हणू दे.

ट्रेलरच्या टायरची हवा जाऊन तो बसला तर पुढे गाडीत असलेल्याला कित्येकदा कळतही नाही, धूर आरशात दिसतो तेव्हाच. म्हणून व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे सेन्सर ट्रेलरलाच आधी लावावेत, स्टेपनीलाही एक. बसलाच, तर करकचून ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या, डावीकडच्या शोल्डरवर घ्या. आणि उतरताना ड्रायव्हरनेही डावीकडच्याच दारातून उतरायचं.