कॅप्टनला बोलवा!

पुढच्या प्रवाशाने आसन मागे रेलले, मागच्याचे गुडघे दाबले गेले, शब्दाने शब्द वाढला आणि अखेर आवाज चढला, 'कॅप्टनला बोलवा!' कॅप्टन येत नाही, येणारही नाही, आणि माझ्या मते त्याने येऊही नये.

११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटचे दार मजबूत करून उड्डाणभर बंद ठेवण्याचा नियम जगभर रूढ झाला. त्यामुळे केबिनमधली भांडणे वैमानिक डोळ्यांनी पाहत नाही, तर इंटरकॉमवरून केबिन क्रूच्या तोंडून ऐकतो. अनेकांना ही त्रुटी वाटते, मला मात्र ती सोय वाटते. आसन मागे रेलण्याचा हक्क कोणाचा, हा निवाडा त्याला करायचाच नसतो. विमान पुढे न्यायचे, मागे फिरवायचे की वाटेत उतरवायचे, एवढेच त्याला ठरवायचे असते, आणि भांडणात उतरलेल्या माणसाला ते थंड डोक्याने ठरवता येईल असे मला वाटत नाही.

त्याच्या हाती अधिकार मात्र मोठा असतो. १९६३ च्या टोकियो करारानुसार विमानाची दारे बंद झाल्यापासून ती उतरण्यासाठी उघडेपर्यंत, सुरक्षिततेला किंवा शिस्तीला धोका आणणाऱ्या प्रवाशाला जखडून ठेवण्याचे, खाली उतरवण्याचे, गंभीर गुन्हा असेल तर स्थानिक अधिकाऱ्यांच्या ताब्यात देण्याचे अधिकार कप्तानाला आहेत. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो: प्रवाशाला जखडण्यासाठी कप्तान आपल्या कर्मचाऱ्यांना हुकूम देऊ शकतो, पण इतर प्रवाशांना तो मदतीची केवळ विनंती करू शकतो किंवा तशी परवानगी देऊ शकतो.

हा अधिकार वापरणे महागात पडते. लांबच्या प्रवासाला निघालेले विमान सुरुवातीच्या तासांत इंधनाने इतके जड असते, की उतरण्याच्या कमाल वजनाच्या आत येण्यासाठी इंधन हवेत सोडावे लागते किंवा घिरट्या घालून जाळावे लागते. शिवाय कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास संपले, तर विमान त्या परक्या विमानतळावरच अडकून पडते. म्हणूनच जाणता कप्तान, दारे बंद होण्यापूर्वीच जो प्रवासी नशेत किंवा संतापात दिसतो, त्याच्याविषयी क्रूचा शब्द प्रमाण मानून त्याला जमिनीवरच ठेवतो. त्या वेळी हे अन्यायाचे वाटते, हे मी नाकारत नाही.

केबिनमधल्या सुखसोयीच्या बाबतीत मात्र मी वैमानिकांना इतक्या सहज सोडणार नाही. उंचावर केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा राखला जातो आणि हवेतली आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली जाते. अशा हवेत घसा कोरडा पडतो, माणूस लवकर शिणतो. तापमानाचे तर विचारूच नका. ट्रॉली ढकलणाऱ्या क्रूला उकडते, त्याच वेळी खिडकीशी झोपलेला प्रवासी कुडकुडतो, आणि कॉकपिटमधली कळ फिरवली तरी फरक जाणवायला काही मिनिटे जातात. यात वैमानिकाचा दोष नाही.

दोष आहे तो गप्प बसण्यात. बहुतेक जेट विमानांत इंजिने सुरू करण्यासाठी दाबाखालची हवा लागते. ती तिकडे वळवली की केबिनला हवा पुरवणारी यंत्रणा तेवढ्यापुरती थांबते आणि डोक्यावरच्या झरोक्यातली झुळूक बंद पडते. नेमके तेव्हाच सगळे पट्टे आवळून बसलेले असतात, बहुधा आधीच उशीर झालेला असतो. आत घुसमटणाऱ्या माणसाला वाटते की कुणीतरी मुद्दाम एसी बंद केला, आणि त्याचा सगळा राग शेजाऱ्याच्या कोपरावर निघतो. विमान ढकलत मागे नेण्याआधी, जागेवर उभे असतानाच, 'इंजिने सुरू करताना हवा थोडा वेळ बंद राहील, नंतर लगेच गार होईल' एवढे एक वाक्य कॅप्टनला माइकवरून सांगता येते. तापमान आणि उंची यांचे आकडे मात्र तो न चुकता वाचून दाखवतो.